क्लच दाबल्यावर

१

खामगावात नांदुरा रोडला शेषराव मिस्त्रीचं गॅरेज विचारलं तर लोक पाटीचं नाव सांगत नाहीत. "तो कान लावून पाहते ना, तोच," असं सांगतात. जुन्या गाडीत आवाज येतो म्हटलं की शेषराव स्क्रू पिळायचा हातभर लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक गिअरबॉक्सवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. लोखंडातला आवाज सरळ हाडात उतरतो. मग बाहेरून कापसाचा ट्रक जावो की शेजारच्या सरकी पेंडीच्या दुकानात हाणामारी होवो, त्याला पत्ता लागत नसे. दुखणं नेमकं कुठं आहे ते तो सांगायचा आणि उघडल्यावर ते तिथंच निघायचं. या कानाचा त्याला गर्व होता, आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही.

त्या साली अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. धोंड्याचा महिना. लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि नारायणाला कोणी उलटे प्रश्न विचारत नाही. एकुलत्या लेकीच्या, राखीच्या, लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा, त्यामुळे शेषरावची बायको झुंबरबाई पंधरा दिवस आधीपासून घर डोक्यावर घेऊन बसली होती.

राखी आणि तिचा नवरा दीपक बुलढाण्याहून त्यांच्या गाडीनं आले. गाडी जुनी, पांढरी, चार गिअरची. शेगावच्या एका लॉजवाल्याकडून दीपकनं घेतलेली. दीपक कॉलेजात क्लार्क होता. बोलणं हळू, वागणं नीट, सासऱ्याला 'मामाजी' म्हणणारा. शेषरावला त्याच्यात कधी खोट दिसली नव्हती. खरं सांगायचं तर त्यानं पाहिलीच नव्हती; एकुलती एक लेक दिली, पोरगा नोकरीवाला आहे, यावर तो निवांत झाला होता.

"मामाजी, बोथ्याचा घाट उतरताना गाडीतून आवाज येऊन राह्यला होता," चहा संपवून दीपक म्हणाला. "पाहता का जरा?"

"पाहतो ना, जवाईबुवा. सैपाक होईलोक चला गॅरेजवर."

२

गाडी खड्ड्यावर घेतली. गॅरेजच्या मधोमध माणूस उभा मावेल एवढा खड्डा खणलेला होता; गाडी वर, मिस्त्री खाली. दीपक सीटवर बसला. शेषरावचा भागीदार संघपाल दाराशी रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत होता.

अशा तपासणीला दोन माणसं लागतात. एकानं वर पाय चालवायचा, दुसऱ्यानं खाली कान लावायचा. क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबला की थांबतो, तर खोट गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये. दाबल्यावर सुरू होतो, तर क्लचच्या बेअरिंगमध्ये. याच्यात तिसरं काही नसतं.

"न्यूट्रल ठेवा. करा चालू."

इंजिन सुरू झालं. पेचकसातून घूं-घूं असा आवाज शेषरावच्या हाडात आला. झिजलेलं बेअरिंग.

"दाबा आता क्लच."

घूं-घूं थांबली. निदान झालं होतं. इथं त्यानं पेचकस खाली घ्यायला पाहिजे होता. पण त्या थांबलेल्या आवाजाच्या मागं आणखी काहीतरी होतं, म्हणून कान तिथंच राहिला.

कोणीतरी धापा टाकत होतं.

हवा असेल, शेषरावनं मनाशी म्हटलं. कुठला तरी रबरी पाइप फाटला असेल, हवा फुसफुसत असेल. पण हवा दम घेण्यासाठी थांबत नाही. हे थांबत होतं, पुन्हा ओढत होतं. आणि मग दणका बसला. आयुष्यभर लोखंडावर लोखंड आपटलेलं ऐकलेला माणूस तो. तो खणखणाट त्यानं झोपेतही ओळखला असता. हा खणखणाट नव्हता. खाटकाच्या ठोकळ्यावर सुरा पडावा तसा तो जड, ओला आवाज होता. एकदा. मग पुन्हा एकदा.

शेषरावच्या हातातून पेचकस निसटला.

"काय झालं मामाजी?" वरून दीपकनं विचारलं.

"काई नाई," शेषराव म्हणाला. त्याच्या कानामागं अजून दुखत होतं, जणू तिथं कोणी मारलं होतं.

३

जेवायला जावयाला पाटावर बसवलं. झुंबरबाईनं तांब्या धरला, शेषरावनं परातीत त्याचे पाय धुतले. उजवा पाय, क्लचचा डावा पाय. पाय स्वच्छ होते, नखं कापलेली होती. शेषरावला उगाच त्या पायांचा राग आला आणि स्वतःचीच लाज वाटली.

राखी वाढत होती. मे महिन्याचा काहिली करणारा उकाडा, पंखा गरम हवा फेकत होता, आणि पोरीच्या ब्लाउजच्या बाह्या कोपराच्या खाली. वरणाची वाटी ठेवायला ती वाकली तेव्हा बाही वर सरकली. दंडावर चार बोटांचे काळे-निळे वळ होते. बोटं मोजता येतील इतके स्पष्ट.

तिनं चटकन बाही खाली ओढली आणि आईकडं पाहिलं. दीपक मान खाली घालून धोंडा खात होता.

"तूप घ्या अजून, जवाईबुवा," झुंबरबाई म्हणाली.

विचारावं, असं शेषरावच्या जिभेवर आलं. पण पाटावर नारायण बसलेला, कपाळाला कुंकू लावलेलं, बायको हात जोडून उभी. अशा वेळी कोणता बाप विचारतो? त्यानं पाणी प्यायलं आणि पुढचा घास मोडला.

४

दुपारी तो दीपकला घेऊन पुन्हा गॅरेजवर आला. संघपालला म्हणाला, "तू बस वरतं. मी ऐकतो."

संघपालनं क्लच दाबला, सोडला, दाबला. घूं-घूं आली, थांबली. मागं काहीच नाही. शेषरावनं पेचकस इकडं लावला, तिकडं लावला. गाडी मुकी.

"आता जवाईबुवा बसतीन. तू खाली ये, ऐक."

संघपाल खड्ड्यात उतरला आणि लगेच वर आला. "बेअरिंग हाय भाऊ. बाकी काई नाई. कायले एवढं डोकं लावून राह्यले?"

"नीट ऐकलं का बे?"

"माह्या कानाले काय झालं? नीटच ऐकलं."

मग शेषराव पुन्हा खाली आणि दीपक वर. क्लच दाबला, आणि हाडात तो आवाज आधीपेक्षा जवळ आला. धाप. दणका. काहीतरी फरशीवर घासत गेलं. आणि पहिल्यांदाच एक बाईचा आवाज, लांबून आल्यासारखा, शब्द न कळणारा, पण रडका.

संघपाल बसला की येत नाही. जावई बसला की येतो. शेषरावनं हिशेब केला आणि उत्तर काढलं. संघपालनं ऐकलं तेव्हा जावईच बसला होता आणि तरीही आवाज आला नव्हता, ही गोष्ट त्यानं उत्तरात धरलीच नाही. संघपालचा कान कच्चा, एवढं म्हणून सोडून दिली. गॅरेजात नव्या माणसाला तोच शिकवायचा की एक तपासणी जरी विरोधात गेली तरी निदान चुकलं समजायचं. पण तेव्हा तो मिस्त्री नव्हता, बाप होता, आणि त्या वळांनी त्याचं डोकं फिरवलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी त्यानं गिअरबॉक्स उतरवला. सगळे दात तपासले, सगळे शाफ्ट हातानं फिरवले, तळाचं काळं तेल परातीत ओतून बोटांनी चाळलं. काय सापडावं असं त्याला वाटत होतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सापडलं काहीच नाही. बेअरिंग तेवढं झिजलेलं होतं. नवीन घातलं, गिअरबॉक्स पुन्हा बसवला, दुपार होईपर्यंत गाडी तयार झाली.

"आता नाई येनार आवाज," संघपाल म्हणाला.

"एकदा पाहू."

दीपक सीटवर बसला. इंजिन सुरू झालं. घूं-घूं गेली होती. नव्या बेअरिंगचा गुण एवढाच की ते ऐकू येत नाही. शेषरावनं कपाळावरचा घाम पुसला, पेचकस टेकवला आणि म्हणाला, "दाबा."

आता मध्ये काहीच राहिलं नव्हतं. आडवं यायला झिजलेलं बेअरिंगही नव्हतं. आवाज सरळ त्याच्या डोक्यात उघडला. लोखंड उचलताना माणूस हुंकार देतो तो हुंकार, मग दणका, मग हाड मोडल्याचा कोरडा आवाज. पुन्हा हुंकार. पुन्हा. मारणारा थांबत नव्हता. दम लागला होता तरी मारत होता. आणि त्या आवाजांच्या वरून बाई ओरडली, "नका! नका मारू! नका ना!"

राखी. त्याची राखी. लहानपणी विंचू चावला तेव्हा ज्या आवाजात ओरडली होती तोच आवाज. मग बांगड्या खळकन फुटल्या आणि ती किंचाळली, "बाबा! बाबा!"

शेषराव खड्ड्याच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला. लेक हाक मारत होती. तो इथं होता आणि ती त्याला हाक मारत होती, कुठून, कधी, ते त्याला कळत नव्हतं.

"शांत झाली ना एकदम, मामाजी?" वरून दीपक आनंदानं म्हणाला. "मले तं आता कायबी ऐकू येत नाई."

६

तो घरी गेला तेव्हा झुंबरबाई अनारसे डब्यात भरत होती.

"राखीले आज पाठवू नको."

"काऊन? त्यायची सुट्टी संपली. ऊन उतरलं का निंघतेत."

"तो तिले मारते."

झुंबरबाईचा हात डब्यावर थांबला. "कोनं सांगतलं तुमाले?"

काय सांगणार, गिअरबॉक्सनं सांगितलं? दंडावरच्या वळांचं तो बोलला. झुंबरबाईनंही ते पाहिले होते, हे तिच्या तोंडावरून दिसलं.

"लागलं अशीन कुठी," ती म्हणाली. "आन् तसं काई असलं तं दिवाळीत बोलू. धोंड्याचं वान दिलं आन् जवायाले नाराज करून पाठवलं, लोक तोंडात शेन घालतीन आपल्या. पोरीले तिथीच राह्यचं हाय."

आतल्या खोलीत राखी बॅग भरत होती. शेषराव दारात जाऊन उभा राहिला. तिनं मान वर केली. हातात हिरव्या बांगड्या, आईनं कालच भरवलेल्या.

"काय बाबा?"

एक प्रश्न होता. चार शब्दांचा. तो विचारायला त्याला दार ओलांडावं लागलं असतं, पलंगावर बसावं लागलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर त्या उत्तराचं काहीतरी करावं लागलं असतं. गाडीला कान लावणं सोपं होतं.

"काई नाई," तो म्हणाला. "गाडी झाली म्हनलं. गॅरेजवरूनच निंघा."

७

ऊन कलल्यावर ते निघाले. दीपकनं गाडी खड्ड्यावरून मागं घेऊन अंगणात उभी केली. गॅरेजचं अंगण रस्त्याकडं उतरतं आहे. तिथं जुनी गाडी उभी केली की गिअरमध्ये ठेवतात किंवा चाकाला दगड लावतात, कारण जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर कोणी भरवसा ठेवत नाही. पण दोन दिवस दीपक एकच ऐकत होता, न्यूट्रल ठेवा, न्यूट्रल ठेवा. सासऱ्याची शिकवण त्यानं मनावर घेतली होती. त्यानं गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि खाली उतरला.

राखी डिकीत अनारशांचा डबा ठेवत होती. शेषराव खड्ड्यात हत्यारं आवरत होता, म्हणजे आवरण्याचं निमित्त करत होता. टायर काढायची लोखंडी टॉमी त्याच्या हातात होती. ती त्यानं कधी उचलली ते त्याला आठवत नव्हतं.

राखी किंचाळली.

खड्ड्यातून माणसाचं डोकं जमिनीला लागून असतं. गाडी दाराच्या आड होती, ती त्याला दिसली नाही. त्याला दिसले दोन पाय धावत येताना, आणि दीपकचा हात. त्या हातानं राखीचा दंड पकडला, जिथं वळ होते तिथंच पकडला, आणि सगळ्या ताकदीनं तिला ओढून भिंतीकडं भिरकावलं. ती गुडघ्यांवर पडली. दीपक तिच्यावर ओणवा झाला.

शेषराव खड्ड्याच्या पायऱ्या कधी चढला ते संघपालनंही पाहिलं नाही.

पहिला घाव पाठीत बसला. आणि इथं एक गोष्ट झाली, जी शेषराव नंतर कोणालाच सांगू शकला नाही. दणका आधी ऐकू आला. टॉमी अजून हवेत होती आणि तो जड, ओला आवाज त्याच्या कानामागच्या हाडात आधीच उमटला होता. मग टॉमी त्या आवाजावर जाऊन बसली. दुसरा घावही तसाच. हुंकार आला, मग त्याचं तोंड उघडलं. हाड मोडल्याचं ऐकू आलं, मग दीपकचा खांदा खाली गेला. तो मारत नव्हता, ठरलेल्या जागी पोचत होता. धापा टाकत होता आणि त्या धापा ओळखत होता.

थांब, असं त्याच्या आत कोणीतरी म्हणत होतं. आता कळलं ना, थांब. पण हात आवाजाच्या मागं होता आणि आवाज थांबत नव्हता.

"नका!" राखी ओरडली. "नका मारू! नका ना!"

दीपक फरशीवर घासत मागं सरकत होता, एक हात डोक्यावर धरून. त्याच्या तोंडातून रक्ताचे फुगे येत होते. "मामाजी," तो एवढंच म्हणाला. राखीनं स्वतःला मध्ये टाकलं, दोन्ही हात वर केले, आणि टॉमी तिच्या मनगटावर आली. बांगड्या फुटल्या.

"बाबा! बाबा!"

८

संघपालनं मागून मिठी मारून त्याला पाडलं तेव्हा अंगण शांत झालं होतं. पांढरी गाडी उतारावरून घसरत जाऊन फाटकाजवळच्या भिंतीवर आदळली होती. डिकीचं दार दबलं होतं. अनारसे रस्त्यापर्यंत पसरले होते.

"भाऊ, काय केलं तुमी हे!" संघपाल रडत होता. "गाडी मांगं आली! पोरीच्या अंगावर येऊन राह्यली होती गाडी! त्यानं ओढलं तिले! दिसलं नाई तुमाले?"

शेषराव गाडीकडं पाहत राहिला. आयुष्यभर त्यानं आधी गाडी पाहिली होती आणि मग माणूस. त्या एका क्षणी त्यानं गाडी पाहिली नाही.

दीपक पालथा पडला होता. त्याची पाठ हलत नव्हती. राखी त्याच्याजवळ बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊ पाहत होती, पण तिचा उजवा हात मनगटापासून लोंबत होता आणि काम करत नव्हता. काचा तिच्या कातडीत रुतल्या होत्या.

"घाटातबी असंच ओढलं होतं त्यायनं मले," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळत नव्हतं. तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. "दाराची कडी निंघाली चालत्या गाडीत. पडलीच होती मी. त्यायनं दंडाले धरून आत घेतलं. आईनं घोर लावून घेतला असता, म्हनून लांब बाह्यायचं घातलं, बाही ओढली." मग तिनं मान वर केली. "तुमी दोन दिवस गाडीले कान लावून बसले, बाबा. मले काऊन नाई विचारलं?"

रस्त्यावर माणसं जमू लागली होती. पेंडीच्या दुकानातला कोणीतरी फोनवर ओरडत होता. शेषराव उठला. त्याला लेकीपर्यंत जायचं होतं, तिचा हात धरायचा होता, एवढं एकच त्याच्या मनात उरलं होतं. टॉमी अजून त्याच्या मुठीत आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं.

तो एक पाऊल पुढं आला. राखी दीपकला तसंच सोडून मागं सरकली. आणखी एक पाऊल आला, तशी ती टाचांनी जमीन ढकलत भिंतीपर्यंत गेली आणि मोडका हात पोटाशी धरून तिनं चांगला हात डोक्यावर घेतला.

"संघपालकाका," ती म्हणाली, "यायले माह्याजवळ येऊ देऊ नका."